वेरूळचा गिलावा आणि भांगेचा तंतू

मा. संपादक,


वेरूळचा गिलावा गूढविद्येमुळे टिकला, हे आपल्या अंकातील प्रतिपादन वस्तुस्थितीस धरून नाही. पुरातत्त्व सर्वेक्षणात काम केलेले राजदेव सिंह आणि तेव्हा येथील विद्यापीठात असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी गिलाव्याचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या झोताने पृष्ठभाग न्याहाळणाऱ्या उपकरणाखाली, तपासले आणि त्यांतील तंतू भांगेच्या झाडाचे असल्याचे २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडले. हा चिवट तंतू किडीला दूर ठेवतो आणि अजिंठ्याच्या गिलाव्यात तो नसल्यामुळेच तेथील चित्रे किडींनी पोखरली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. परंपरेची थोरवी मान्य, परंतु तिचे श्रेय माती कालवणाऱ्या कारागिरांच्या निरीक्षणाला आहे. पुढील अंकात ही दुरुस्ती छापावी.

— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर