छंदाचें मोल

घरांतील तरुणांस एखादा छंद लागला, कीं वडील मंडळींच्या कपाळीं प्रथम आठी पडते. ती नेहमींच अनाठायीं असते असें नाहीं. केंब्रिज येथील विद्यार्थी रात्रीच्या काळोखांत विद्यापीठांतील भिंती व मनोरे चढत. त्यांच्या या उद्योगावर टोपणनांवानें लिहिलेलें एक पुस्तक १९३७ सालीं प्रसिद्ध झालें. अंधारामुळें अधिकाऱ्यांची नजर चुके खरी. परंतु निसटल्या हाताला विद्वत्ता सांवरीत नाहीं.

आतां दुसरा छंद पाहावा. अमेरिकेंतील फीनिक्स शहरच्या एका सरकारी शाळेंतील चार मुलांनीं २००४ सालीं पाण्याखालीं काम करणारा यंत्रमानव बांधला. कुटुंबें मेक्सिकोहून आलेलीं, परिस्थिति गरिबीची. सांगाडा साध्या प्लॅस्टिकच्या नळ्यांचा, खर्च सुमारें ८०० डॉलर. ऐन स्पर्धेच्या सुमारास विजेच्या पेटींत पाणी झिरपूं लागलें, तेव्हां स्त्रियांच्या उपयोगाच्या शोषक कापसाच्या गुंडाळ्या त्यांनीं आंत बसविल्या. त्या स्पर्धेंत त्यांनीं सुप्रसिद्ध एम्. आय्. टी.च्या चमूसहि मागें टाकलें.

आमच्याच घरीं पुतण्यानें जमविलेल्या तारा व मोटारी एका दिवाळीच्या साफसफाईंत आम्हीं भंगारवाल्यास देऊन टाकल्या. तो कांहीं बोलला नाहीं. पण पुढें त्यानें कांहीं जमविलेंहि नाहीं. तेव्हांपासून आमचें मत असें, कीं जिवावर बेतणाऱ्या छंदास दोर व जाणती सोबत द्यावी, आणि निरुपद्रवी छंदास माडीवरील एक कोपरा. निदान झाडू हातीं घेण्यापूर्वीं मुलांस विचारावें, एवढीच वाचकांस विनंति.