मागील बाकावरून मागितलेली दाद

लोकसभेत दुपारी बारा वाजता प्रश्नोत्तरांचा तास संपून शून्य प्रहर सुरू होतो, सभागृहाचे लक्ष पांगू लागते, आणि अशा वेळी मागच्या बाकांवरून कोणी एक सदस्य उठून आपल्या मतदारसंघातील एखाद्या स्थानकावर जलद गाडी थांबत नाही, धरणाखाली जमिनी गेलेल्या कुटुंबांना मोबदला मिळालेला नाही, अथवा खाडीवरील पूल मंजूर होऊनही त्याचा पाया घातला गेलेला नाही, अशी कैफियत दोनतीन मिनिटांत मांडतो आणि खाली बसतो. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत तिला चार ओळींची जागा मिळाली तर मिळते. आपल्याकडील सुशिक्षित वर्ग तर असल्या भाषणांकडे काहीशा अनादरानेच पाहतो; परराष्ट्रनीती, संरक्षण, अर्थसंकल्प, घटनादुरुस्ती असे भारदस्त विषय ज्या सभागृहात चर्चिले जावयाचे, तेथे गाडीच्या थांब्याची रदबदली करणे म्हणजे संसदेला जिल्हा परिषदेच्या पातळीवर आणणे होय, असे मत मी चांगल्या विचारी माणसांच्या तोंडून ऐकले आहे. हे मत मला केवळ अमान्य आहे असे नव्हे, तर ते लोकशाहीला अपायकारक आहे असे माझे म्हणणे आहे.

या मताच्या पाठीशी एक मोठे नाव उभे केले जाते. एडमंड बर्क याने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना असे बजावले होते की, संसद ही निरनिराळ्या इलाख्यांच्या वकिलांची परिषद नसून एका राष्ट्राची विचारसभा आहे, आणि प्रतिनिधीने आपली विवेकबुद्धी मतदारांच्या इच्छेखाली गहाण टाकता कामा नये. वचन थोर आहे, आणि त्याची किंमत बर्कने मोजलीही. सहा वर्षांनी ब्रिस्टलकरांची मर्जी आपल्यावरून उतरली आहे हे ओळखून त्याला निवडणुकीतून माघार घ्यावी लागली. परंतु बर्कने विरोध केला तो मतदारांच्या हुकमतीला. त्यांच्या गाऱ्हाण्यांना सभागृहाचे दार बंद असावे असे त्याने म्हटलेले नाही. आणि ज्याला आपण राष्ट्रहित म्हणतो ते तालुक्यातालुक्यांच्या हिताहून निराळ्या अशा कोणत्या अधांतरी स्थळी वास करते, हे मला अद्याप उमगलेले नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला याचे उत्तम उदाहरण शोधण्यासाठी दूर जावयास नको. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील राजापूर मतदारसंघाने १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत बॅरिस्टर नाथ पै यांना लोकसभेत पाठविले. ते प्रजासमाजवादी पक्षाचे, म्हणजे विरोधातील आणि त्यातही एका लहान पक्षाचे सदस्य. त्यांच्या हाती ना खाते होते, ना खजिना, ना बहुमत. ज्यांच्या वतीने ते बोलत त्या कोकणची त्या काळची स्थिती अशी होती की, घरटी एक तरी कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा कोणाच्या तरी पेढीवर राबत असे आणि त्याच्या मनीऑर्डरीवर गावचे घर चालत असे. परंतु या दोन घरांमधील वाट मात्र वर्षाचे चार महिने जवळजवळ तुटलेली असे. समुद्र शांत असेतोवर भाऊच्या धक्क्यावरून आगबोट मिळे. मृगाच्या आगेमागे बंदरे बंद झाली की घाटवळणांच्या रस्त्याने जिवाचे हाल करीत जावे लागे. समुद्राचा भरवसाही किती, हे १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट मुंबईजवळच बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली तेव्हा सर्वांना कळून चुकले होते. या लोकांना रेल्वे हवी होती. सह्याद्रीचे सुळके, कातळाचे सडे, पावलोपावली आडवी येणारी नदी किंवा खाडी, असा तो मुलूख. खर्च अफाट आणि उत्पन्न अनिश्चित, या दोन शब्दांत त्या मागणीची वासलात लावणे सरकारी हिशेबाला सहज शक्य होते.

नाथ पै यांनी ती मागणी सभागृहातून हटू दिली नाही. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हेच नाथ पै संसदेतील अग्रगण्य वक्त्यांपैकी एक होते, परराष्ट्रनीतीवर ते बोलू लागले म्हणजे पंतप्रधान कान देऊन ऐकत, आणि गोलकनाथ खटल्यातील निवाड्यानंतर, मूलभूत हक्कांच्या प्रकरणात दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुनःस्थापित करण्यासाठी १९६७ साली खाजगी विधेयक मांडणारे सदस्यही तेच होते. घटनेच्या गाभ्याविषयी असा मूलगामी विचार करणारा हा पुरुष वेंगुर्ल्याच्या माणसाच्या प्रवासाविषयी बोलताना आपण पायरी उतरलो असे मानीत नव्हता. दोन्ही कामे त्याच्या लेखी एकाच प्रतिज्ञेची होती. ज्यांना स्थानिक प्रश्न क्षुल्लक वाटतात त्यांनी या एका कारकिर्दीचा विचार करावा, एवढेच मी म्हणेन.

१८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, नाथ पै गेले आणि त्याच वर्षी राजापूरने प्राध्यापक मधु दंडवते यांना निवडून दिले. ती धरून सलग पाच निवडणुका त्यांनी जिंकल्या. मागणी तीच राहिली, मागणारा बदलला. आणि १९७७ मध्ये असा योग आला की, विरोधी बाकावरून रेल्वेसाठी तगादा लावणारा हा सदस्य स्वतःच रेल्वेमंत्री झाला. तरीही गाडी लगेच धावली नाही. दिव्याहून पनवेलमार्गे आपट्यापर्यंत येऊन थांबलेला मार्ग रोह्याला पोहोचावयास १९८६ साल उजाडले. पुढे दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, जुलै १९९० मध्ये, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले; केंद्राने एक्कावन टक्के आणि उरलेला भाग महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा व केरळ या राज्यांनी उचलावा, बाकीचा पैसा रोख्यांतून उभारावा, अशी तोड निघाली. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली नव्वदांहून अधिक बोगदे खणले गेले, पानवल नदीवर चौसष्ट मीटर उंचीचा पूल उभा राहिला, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. ज्या दंडवत्यांनी वीस वर्षे या मार्गाची दरखास्त लावून धरली ते त्या दिवशी लोकसभेचे सदस्य नव्हते; १९९१ सालीच मतदारांनी त्यांना निरोप दिला होता.

कोणी म्हणेल की, हा मार्ग कोकणच्या भाषणांनी झाला नसून मुंबई आणि मंगळूर यांमधील अंतर निम्म्याहून कमी होण्यात सबंध पश्चिम किनाऱ्याचा जो लाभ होता त्याने झाला. मला हे मान्य आहे, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. एका मतदारसंघाचे गाऱ्हाणे म्हणून जी गोष्ट सभागृहात प्रवेशली ती चार राज्यांची आणि अखेर देशाची गोष्ट ठरली. परंतु ती तशी ठरावी इतका काळ तिला सरकारच्या दप्तरात जिवंत ठेवण्याचे काम राष्ट्रहिताच्या कोणा ठेकेदाराने केले नाही, ते राजापूरच्या सदस्यांनी केले. रेल्वेचाच ध्यास घेतलेले अ. ब. वालावलकर यांच्यासारखे लोक बाहेर खपत होते, हेही विसरता येत नाही. मोर्चा पांगतो, अर्ज मामलेदार कचेरीच्या टेबलावर पिवळा पडतो. सभागृहात उच्चारलेले वाक्य मात्र कार्यवाहीच्या वृत्तान्तात छापले जाते, मंत्र्याला त्यावर काहीतरी लेखी भूमिका घ्यावी लागते, आणि ती भूमिका पुढचा सदस्य, तो वीस वर्षांनी आला तरी, त्याच खात्यापुढे धरू शकतो. बाकी कोणत्याही मार्गाने मागितलेल्या दादेला ही परंपरा लाभत नाही.

या कामाची साधने आपल्या संसदेच्या नियमांत आहेत, आणि ती कमी नाहीत. पंधरा दिवसांची नोटीस देऊन प्रश्न विचारता येतो. रोज वीस तारांकित प्रश्न सोडतीने निवडले जातात, त्यांतले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात, आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरे मिळतात. नियम ३७७ अन्वये दररोज वीसपर्यंत सदस्यांना अडीचशे शब्दांच्या आत आपल्या भागाचा विषय मांडता येतो. ज्याविषयी सामान्य नागरिकाला फारच थोडे ठाऊक असते असे आणखी एक साधन म्हणजे १९५३ च्या डिसेंबरात स्थापन झालेली शासकीय आश्वासनांची समिती. मंत्र्याने सभागृहात 'हा विषय विचाराधीन आहे' किंवा 'मी यात लक्ष घालीन' असे म्हटले की ते आश्वासन म्हणून नोंदले जाते, तीन महिन्यांत त्याची पूर्तता करण्याची खात्यावर जबाबदारी येते, आणि न केल्यास समिती सचिवाला बोलावून सबब विचारू शकते. जागरूक सदस्याच्या हाती हे शस्त्र म्हणजे मोठे बळ आहे. दुर्दैवाने पहिला प्रश्न विचारून जो सदस्य समाधान पावतो त्याला त्याचा उपयोग नाही.

आणि पक्षादेशाचे काय? १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले, तेव्हापासून सदस्याचे मत त्याच्या पक्षाच्या स्वाधीन झाले आहे, ही तक्रार खरी आहे. मतदानाच्या प्रसंगी मागच्या बाकावरील माणूस आज पूर्वीपेक्षा पुष्कळच पराधीन आहे. परंतु आपल्या तालुक्याविषयी प्रश्न विचारल्याबद्दल सदस्यत्व जाते असे त्या परिशिष्टात कोठेही नाही. सत्ताधारी पक्षाच्या बाकावरून, स्वतःच्या सरकारला, अडचणीचा प्रश्न विचारण्याची वहिवाट तर फार जुनी आहे; रायबरेलीचे काँग्रेस सदस्य फिरोज गांधी यांनी १९५७ च्या डिसेंबरात आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीतील मुंदडा प्रकरण उघड केले, आणि त्यापायी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. आजच्या सत्ताधारी सदस्यांचे मौन हे कायद्यापेक्षा भयाचे आणि सवयीचे मौन आहे.

तरीही सर्व दोष सदस्यांच्या माथी मारणे अन्याय्य होईल, कारण बोलावयास वेळच आटत चालला आहे. १९५२ साली निवडलेली पहिली लोकसभा सहाशे सत्याहत्तर दिवस बसली. २०१९ ची सतरावी लोकसभा, आपली पूर्ण मुदत भोगूनही, दोनशे चौऱ्याहत्तर दिवस बसली. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात तर प्रश्नोत्तरांचा तास सरसकट रद्द करण्यात आला आणि शून्य प्रहर अर्ध्यावर आणला गेला. साथीचे कारण होते हे मी जाणतो. परंतु ज्या महिन्यांत खाटा, प्राणवायू, पायी घरी निघालेले मजूर यांच्याविषयी प्रत्येक मतदारसंघात एक गाऱ्हाणे होते, त्याच महिन्यांत सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क सर्वांत अगोदर वगळण्याजोगा ठरावा, ही गोष्ट मनाला फार लागते.

सुधारणा काय करावी? ज्या ब्रिटिश संसदेकडून आपण इतके घेतले तिच्या कॉमन्स सभागृहात रोजचे कामकाज तहकूब होण्यापूर्वीचा अखेरचा अर्धा तास मागच्या बाकावरील एका सदस्यासाठी राखलेला असतो. तो बहुधा आपल्या मतदारसंघाचाच विषय मांडतो, आणि संबंधित खात्याच्या मंत्र्याला त्या रिकाम्या सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते. आपल्याकडे अर्ध्या तासाची चर्चा आहे, पण ती आधी विचारल्या गेलेल्या प्रश्नावरच अवलंबून असते. नियम ३७७ खाली मांडलेल्या विषयाला मंत्र्याने तेथल्या तेथे उत्तर द्यावे असे बंधन नाही; पुढे केव्हातरी खात्याचे पत्र सदस्याकडे येते आणि ज्या गावाने गाऱ्हाणे घातले त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्या पत्राची प्रत सभागृहाच्या पटलावर ठेवली जावी, आणि त्या त्या राज्याच्या भाषेत तिचा तर्जुमा जिल्हाधिकारी कचेरीत लावला जावा, एवढा नियम झाला तरी फार मोठे काम होईल. त्यास ना घटनादुरुस्ती लागते ना पैसा.

पैशाचा विषय निघाला म्हणून सांगतो की, १९९३ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या खासदार निधीने या सर्व व्यवहाराची दिशाच बदलून टाकली आहे, असे माझे ठाम मत आहे. वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचविण्याचा अधिकार हाती आल्यापासून सदस्य हा सरकारला जाब विचारणारा राहिला नसून सरकारच्याच पैशातून बसथांबे आणि सभामंडप वाटणारा झाला आहे, आणि मतदारही त्याच्याकडे तेच मागू लागले आहेत. पाच कोटींत कोकण रेल्वेच्या एका बोगद्याचे तोंडही उघडले नसते.

त्याच कोकणात आज मुंबई-गोवा महामार्गाचा प्रश्न आहे. चौपदरीकरणाला २०११ साली आरंभ झाला, दशक उलटून गेले, मुदतीमागून मुदती वाढत गेल्या, आणि दर गणेशोत्सवात चाकरमान्यांनी त्या रस्त्याचे काय भोग भोगले ते सर्वांनी पाहिले आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील ग्रामपंचायतींनी पुढील अधिवेशनाच्या महिनाभर आधी ठराव करून आपापल्या लोकसभा सदस्याकडे पाठवावा आणि त्यात एवढेच विचारावे की, पनवेल ते इंदापूर आणि त्यापुढील प्रत्येक टप्प्याविषयी सभागृहात आजवर कोणकोणत्या तारखा सांगितल्या गेल्या, त्यांपैकी कोणत्या आश्वासन म्हणून नोंदल्या गेल्या, आश्वासन समितीपुढे आज काय प्रलंबित आहे, आणि आपण स्वतः त्याबद्दल कोणत्या क्रमांकाचा प्रश्न विचारला. प्रश्नाला पंधरा दिवसांची नोटीस लागते, तेव्हा ठरावाला उशीर करून चालणार नाही.