मोहिमेची टिपणे आणि कथनाची संहिता

१

साहित्याच्या अभ्यासात 'संहिता' ही संज्ञा इतकी गृहीत धरलेली असते की, जिला संहिता नाही अशीही कथा असू शकते, हे सहसा ध्यानात येत नाही. मौखिक परंपरांच्या अभ्यासाने हा प्रश्न एका अंगाने पुढे आणला आहे. तोच प्रश्न गेल्या अर्धशतकात अगदी निराळ्या अंगाने उपस्थित करणाऱ्या एका कथनप्रकाराकडे मात्र मराठी समीक्षेचे लक्ष फारसे गेलेले नाही. हा प्रकार म्हणजे टेबलाभोवती बसून खेळला जाणारा भूमिकाखेळ.

या खेळात चार-सहा माणसे एकत्र बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार असतो; उरलेले प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो, आपले पात्र काय करील ते खेळाडू सांगतात, आणि कृतीचा परिणाम जेथे अनिश्चित असतो तेथे फासे टाकून निर्णय होतो. एका बैठकीत उरलेली कथा पुढच्या बैठकीत चालू राहते. अशा बैठकांची मालिका कित्येकदा वर्षानुवर्षे चालते, आणि तिला 'मोहीम' असे म्हणतात. ही संज्ञा युद्धखेळांतून आलेली आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसवित्स यांच्या युद्धखेळात दोन्ही पक्षांचे हुकूम ऐकून निर्णय देणारा पंच होता. आजचा सूत्रधार हा त्याचाच दूरचा वंशज. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी १९६९मध्ये आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७१पासून 'ब्लॅकमूर'च्या मोहिमेत, सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका घेण्याची रीत रूढ केली. आर्नसन आणि गॅरी गायगॅक्स यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने छापला गेला, तेव्हा या प्रकाराला नियमबद्ध घाट मिळाला. पहिली आवृत्ती अवघ्या १००० प्रतींची होती.

या कथेचा कर्ता एक नाही, श्रोता वेगळा नाही आणि संहिता आधी लिहिलेली नाही. असे असूनही या खेळाइतका टिपणांचा व्याप क्वचितच दुसऱ्या एखाद्या कथनप्रकाराभोवती आढळेल. अलीकडे हा व्याप वह्यांतून संगणकावरील टिपण-सॉफ्टवेअरमध्ये गेला आहे. हे स्थित्यंतर केवळ सोयीचे आहे, की त्यामुळे कथनाच्या स्वरूपातच काही बदल होतो, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

२

टिपणांची गरज या खेळाला आरंभापासून होती. १९७९च्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात गायगॅक्स यांनी कालगणनेच्या काटेकोर नोंदीवाचून मोहिमेला अर्थ उरत नाही, असे निक्षून सांगितले आहे. यामागे काव्यदृष्टी नव्हती, व्यवहार होता. एकाच कल्पित प्रदेशात खेळाडूंचे अनेक गट वेगवेगळ्या दिवशी वावरत. एका गटाने लुटलेले भुयार दुसऱ्या गटाला भरलेले सापडता कामा नये, जखमी पात्राच्या विश्रांतीचे दिवस मोजले पाहिजेत, गढी बांधावयास घेतली तर ती पुरी होण्यास काळ गेला पाहिजे. म्हणजे मोहिमेचे पहिले टिपण हे कथेचे नव्हते, हिशेबाचे होते.

हिशेबाचीच भाषा वापरावयाची तर असे म्हणता येईल की, सूत्रधाराला दोन वह्या लागतात. एक रोजकीर्द, जीत प्रत्येक बैठकीत काय घडले ते क्रमाने उतरते. दुसरी खतावणी, जीत प्रत्येक पात्राच्या, स्थळाच्या, वस्तूच्या नावे स्वतंत्र खाते असते. कीर्दीतून खतावणीत नोंदी उतरविण्याचे काम कंटाळवाणे असते, आणि बहुतेक मोहिमांची वही याच ठिकाणी अडते. तिसऱ्या बैठकीत सहज बोलता बोलता नाव दिलेला खाणावळवाला तिसाव्या बैठकीत पुन्हा भेटतो. त्याचे नाव, त्याचा लंगडा पाय आणि त्याला दिलेले वचन या तिन्ही गोष्टी सूत्रधार विसरलेला असतो, आणि खेळाडूंपैकी एकाला मात्र त्या पक्क्या आठवत असतात.

नव्या सॉफ्टवेअरचे खरे सामर्थ्य येथे आहे. २०२०मध्ये आलेले 'ऑब्सिडियन' हे त्याचे चांगले उदाहरण होय. त्यात प्रत्येक टिपण ही संगणकावरील एक साधी मजकुराची फाइल असते. बैठकीचा वृत्तान्त लिहिताना खाणावळवाल्याचे नाव दुहेरी चौकटी कंसांत टाकले की त्याच्या पानाशी दुवा जोडला जातो. आणि उलट, त्याचे पान उघडले असता ज्या ज्या बैठकींत त्याचा उल्लेख झाला त्या सर्वांची यादी आपोआप समोर येते. कीर्द लिहिली की खतावणी आपसूक होते, असा हा प्रकार आहे.

कल्पना नवी नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान यांनी सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांचा संग्रह क्रमांकांच्या आधारे परस्परांशी जोडून ठेवला होता, आणि त्या संग्रहाला ते आपला संवादक मानीत. प्रबंधासाठी कार्डांच्या पेट्या भरलेल्या कोणाही अभ्यासकाला या व्यवस्थेचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु लूमान यांच्या चिठ्ठ्या आणि सूत्रधाराची टिपणे यांत एक मूलभूत फरक आहे. लूमान यांच्या चिठ्ठ्यांतून शेवटी ग्रंथ निर्माण व्हावयाचा होता. सूत्रधाराच्या टिपणांतून काहीच लिहून व्हावयाचे नसते. जे व्हावयाचे ते बोलण्यात, चौघांच्या साक्षीने व्हावयाचे असते. हा फरक दृष्टिआड झाला की सोय हीच अडचण होऊ लागते.

३

टिपणांचे दोन वर्ग येथे करावे लागतील: बैठकीपूर्वी केलेले ते पूर्वटिपण आणि बैठकीनंतर केलेले ते उत्तरटिपण. वहीमध्ये या दोहोंना एक नैसर्गिक मर्यादा होती. हात दुखत असे, पाने संपत. सॉफ्टवेअरने ती मर्यादा काढून टाकली, आणि तिचा लाभ प्रामुख्याने पूर्वटिपणाने घेतला. एका राज्याचे पान केले की राजाचे पान हवे, राजाचे केले की त्याच्या तीन पिढ्यांचे हवे. प्रत्येक दुवा नव्या रिकाम्या पानाकडे बोट दाखवितो. सर्व पानांचे परस्परसंबंध बिंदू आणि रेषांच्या जाळ्यात दाखविण्याची सोयही ऑब्सिडियनमध्ये आहे. ते जाळे दाट होत गेले की काहीतरी घडते आहे असा भास होतो. वास्तविक काहीही घडलेले नसते. कारण कथेची घटना टेबलावरच घडू शकते.

याचा परिणाम केवळ वेळ वाया जाण्यापुरता असता तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. एक उदाहरण घेऊ. सूत्रधाराने असे योजिले आहे की, राजवाड्यातील मेजवानीत मंत्र्याची फितुरी उघड व्हावी. मेजवानीची, पाहुण्यांची, पक्वान्नांची, चोरवाटेची मिळून वीस पाने सिद्ध आहेत. खेळाडू मात्र निमंत्रण नाकारतात आणि रातोरात सरहद्दीकडे निघतात. ज्या सूत्रधाराजवळ अर्धे पान आहे तो त्यांच्याबरोबर निघतो. ज्याच्याजवळ वीस पाने आहेत तो पूल कोसळवितो, वेशीचे दरवाजे बंद करवितो, आणि अखेर त्यांना मेजवानीला आणून बसवितो. या खेळाच्या परिभाषेत याला आगगाडीच्या रुळांचे रूपक आहे. सूत्रधार हा अशा वेळी कादंबरीकार होतो आणि सहकर्ते वाचक होतात. तेही पान उलटण्याचा अधिकार नसलेले वाचक.

या क्षेत्रातील जाणत्या लेखकांनी हा धोका ओळखलेला आहे. जस्टिन अलेक्झांडर यांनी कथानकाची तयारी न करता परिस्थितीची तयारी करावी, आणि ज्या निष्कर्षावर कथा अवलंबून आहे त्याचे निदान तीन सुगावे ठेवावेत, असे मांडले आहे. मायकेल शिआ यांनी २०१८च्या आपल्या पुस्तकात प्रत्येक बैठकीसाठी दहा लहान लहान गुपिते लिहावीत, परंतु ती कोठे व कोणाकडून कळतील हे मोकळे ठेवावे, असे सुचविले आहे. वरील उदाहरणात 'मंत्र्याने शत्रूला किल्ल्याच्या पाण्याची वाट सांगितली' एवढी एक ओळ पुरे. ती सरहद्दीवरच्या जखमी शिपायाकडून कळेल, एखाद्या पत्रातून कळेल, नाहीतर कळणारही नाही. टिपण येथे संहिता होत नाही. ते बीज राहते.

४

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. विस्तृत पूर्वटिपण हीच एक निर्मिती का मानू नये? जे. आर. आर. टॉल्किन यांनी आपल्या कल्पित जगाच्या भाषा, वंशावळी आणि इतिहास यांवर दशकानुदशके परिश्रम केले; त्यांतील पुष्कळसे लेखन त्यांच्या १९७३मधील निधनानंतरच प्रकाशित झाले, आणि आज ते साहित्य म्हणूनच वाचले जाते. मग एखाद्या सूत्रधाराने आपल्या जगाची पाचशे पाने लिहिली तर ती निष्फळ का ठरवावीत?

ती निष्फळ आहेत असे म्हणावयाचे नाही. परंतु तो वेगळा वाङ्मयप्रकार आहे आणि त्याची कसोटीही वेगळी आहे. वाचकासाठी लिहिलेले जग पूर्ण असू शकते; किंबहुना पूर्णत्वाचा आभास ही त्याची शक्ती असते. सहकर्त्यांसाठी मांडलेले जग अपूर्ण असावे लागते, कारण त्यातील रिकाम्या जागा हीच इतरांची वतने असतात. एका खेळाडूने आपल्या पात्राची आई कोठल्याशा खेड्यातील सुईण होती असे उत्स्फूर्तपणे म्हटले आणि सूत्रधाराने 'त्या खेड्यात सुईण नाही, माझ्या पानावर तशी नोंद आहे' असे उत्तर दिले, तर टिपण अचूक ठरते आणि खेळ हरतो.

५

उत्तरटिपणाची गोष्ट याच्या उलट आहे. त्याची उपेक्षा होते, आणि ती होऊ नये. घडून गेलेली कथा सर्वांची असते. तिची नोंद मात्र बहुधा एकट्या सूत्रधाराजवळ राहते. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी गटाची स्मृती म्हणजे एका माणसाची स्मृती होऊन बसते. कोणते वाक्य निर्णायक होते, कोणाचे धाडस फसले, कोण कोणासाठी मागे थांबला, याविषयी खेळाडूंच्या आठवणी निरनिराळ्या असतात, आणि एका हातची नोंद त्या सर्व पुसून टाकते.

मराठीच्या अभ्यासकाला येथे 'लीळाचरित्रा'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोहोंचे प्रयोजन आणि योग्यता यांत कसलीही तुलना संभवत नाही. प्रश्न फक्त नोंदीच्या पद्धतीचा आहे. म्हाइंभटांनी प्रत्यक्षदर्शींकडे जाऊन, विचारपूस करून लीळा मिळविल्या. पुढे मूळ ग्रंथ नष्ट झाल्यावर ज्यांना जे स्मरत होते त्यावरून तो पुन्हा सिद्ध झाला, आणि त्यातून पाठांची परंपरा निर्माण झाली. वेगळी आठवण ही चूक मानून टाकून न देता पाठभेद म्हणून जपण्याची ही वृत्ती घडलेल्या, बोललेल्या आणि अनेकांनी पाहिलेल्या गोष्टीच्या नोंदीला फार मोलाची असते. मोहिमेच्या टिपणांत तशी सोय करणे सॉफ्टवेअरला मुळीच अवघड नाही. एका बैठकीच्या पानावर प्रत्येक खेळाडूने आपल्या नावाने दोन-चार ओळी लिहाव्यात, इतकेच पुरे.

ध्वनिमुद्रण असताना याची गरज काय, असे कोणी विचारील. 'क्रिटिकल रोल' या २०१५पासून प्रक्षेपित होणाऱ्या कार्यक्रमाची पहिली मोहीम ११५ भागांत समग्र मुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे, आणि आता कोणत्याही बैठकीचे मुद्रण यंत्राकडून अक्षरबद्ध करून घेता येते. परंतु चार तासांच्या बोलण्याची अक्षरशः प्रत ही साधनसामग्री होय. टिपणात निवड असते आणि निवडीत अर्थनिर्णय असतो. गटाने काय लक्षात ठेवावयाचे ठरविले, हे यंत्राच्या प्रतीवरून कधीच कळणार नाही.

जतनाचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. 'गूगल प्लस' ही सेवा एप्रिल २०१९मध्ये सामान्य वापरासाठी बंद झाली, तेव्हा तेथे वर्षानुवर्षे नांदलेली भूमिकाखेळाची चर्चाही विखुरली. ज्या सॉफ्टवेअरमध्ये टिपणे साध्या मजकुराच्या फाइलींत स्वतःच्या संगणकावर राहतात, त्याला म्हणूनच अधिक पसंती द्यावयास हवी. निर्मात्याचे दुकान उठले तरी ती वाचता येतील.

६

समाजशास्त्रात गॅरी अॅलन फाइन यांनी १९८३ सालीच या खेळाचा ग्रंथरूप अभ्यास केला. साहित्याभ्यासानेही आता त्याकडे वळावे. मात्र वळताना एक सावधगिरी आवश्यक आहे. ग्रंथांची सवय झालेला अभ्यासक सूत्रधाराच्या संगणकावरील शेकडो पानांचे नीटस जाळे पाहून तीच संहिता आहे असे समजण्याचा संभव मोठा आहे, कारण ती वाचता येते, उद्धृत करता येते, परिशिष्टात जोडता येते. तसे केल्यास जे घडलेच नाही त्याचा अभ्यास होईल, आणि जे घडले ते हातून निसटेल. ज्या मेजवानीला कोणी गेलेच नाही तिची वीस पाने प्रबंधात येतील. सरहद्दीवरील त्या रात्रीची एक ओळही येणार नाही.

पूर्वटिपण मोजके असावे, उत्तरटिपण सविस्तर आणि सर्वांच्या हातचे असावे, ही म्हणूनच केवळ खेळाडूंच्या सोयीची गोष्ट नाही. कथा कोणाची, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. सॉफ्टवेअरने कीर्द आणि खतावणी दोन्ही सोपी केली आहेत. परंतु व्यवहार व्हावयाच्या आधीच जमाखर्च लिहून ठेवणाऱ्या कारकुनाला जसे कोणी शहाणा म्हणत नाही, तसेच येथेही आहे. आधी बैठक झाली पाहिजे. मग वही उघडावी.