रक्ताचा एक थेंब



काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेत एक मुलगा होता. थंडी पडली की त्याचे हातपाय दुखायचे आणि आठ-आठ दिवस तो घरीच राही. घरचे म्हणत, वारा लागला. आम्ही शिक्षक म्हणत असू, अभ्यास चुकवतो. पुढे तपासणीत सिकलसेल निघाला. ते हजेरीपत्रक आजही मला बोचते.

या आजारात रक्तातील गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. तो संसर्गाने पसरत नाही, आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारांत एक असते. आदिवासी बांधवांत तो अधिक आढळतो, पण तो त्यांच्यापुरताच नाही. विदर्भातील अनेक समाजांतही तो आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत यावरील जनुकीय उपचाराला मंजुरी मिळाली. किंमत एका रुग्णामागे सुमारे २२ लाख डॉलर! केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्याने तो कसा घ्यावा?

याचे उत्तर आपल्या देशात शोधले जात आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने 'बिरसा १०१' नावाचा उपचार विकसित केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. प्रयोगशाळेकडे ज्ञान आहे पण कारखाना नाही. कारखान्याकडे यंत्रे आहेत. रुग्णांची नाडी डॉक्टरांना ठाऊक. एकट्याने हे कुणालाच जमणार नाही. उपचार सर्वांच्या हाती येण्यास अजून चाचण्यांची मोठी वाट आहे. पण यश आले तर मजुराचे बुडणारे दिवस वाचतील, देशाचा पैसा देशात राहील आणि विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलांना काम मिळेल.

या कामात आणखी एक भागीदार लागतो, तो म्हणजे आपण. आजार कुठे व किती आहे हे कळल्याशिवाय संशोधन पुढे सरकत नाही. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाले. ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. तरी आपल्या शाळेतून पाठवलेली कित्येक संमतिपत्रे सहीविना परत आली. "पोरीचं लग्न जमणार नाही," असे एक माउली मला म्हणाल्या. ही भीती खोटी नाही, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नये.

माझी दोन्ही बाजूंना विनंती आहे. विश्वस्त मंडळाने ठराव करावा की अहवाल पालकांशिवाय कुणाच्याही हाती जाणार नाही. आणि पालकांनी सही करावी. वाहक असणे हा दोष नव्हे. न कळणे मात्र पुढच्या पिढीला महाग पडते.

— आपला,
प्राचार्य