प्लाझ्मा वितळवायचं यंत्र: "फास्ट आहे का?" हा प्रश्नच चुकीचा

मंडळी, आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक खोड असते. कुठलंही यंत्र दिसलं की आधी विचारायचं, "फास्ट आहे का?" रक्तपेढीसाठी यंत्र घेतानाही हाच प्रश्न विचारत असाल, तर थांबा.

साधा हिशोब करू. गोठवलेला प्लाझ्मा उणे ३० अंशांना ठेवतात. रुग्णाला किलोमागे १० ते १५ मिली लागतो. म्हणजे ६० किलोच्या बाईला ६०० ते ९०० मिली, थोडक्यात तीन-चार पिशव्या. बाळंतपणात रक्तस्राव थांबत नसेल तर त्या सगळ्या एकदम हव्या असतात. आता "१० मिनिटांत एक पिशवी" म्हणून मिरवणारं एका खणाचं यंत्र चौथी पिशवी ४० मिनिटांनी देणार. पाणी नीट फिरवणारा, चार पिशव्या मावणारा साधा वॉटर बाथ ३७ अंशांना अर्ध्या तासात चारही देतो. मग फास्ट कोण?

वॉटर बाथ निर्दोष आहे असं मुळीच नाही. कोमट पाणी म्हणजे जंतूंची चंगळ, आणि गोठलेली पिशवी चटकन तडकते. वरून दुसरी पिशवी घालायलाच हवी, पाणी रोज बदलायलाच हवं. त्यात आपल्याकडचं बोअरचं जड पाणी ओतलंत तर कॉइलवर क्षार चढलेच म्हणून समजा. हे कोण करणार, याचं उत्तर नसेल तर खुशाल कोरडं यंत्र घ्या. पण चार खणांचं!

"इंदापूरलाही एक द्या" असं कुणीतरी म्हणणारच. उणे ३० चा फ्रीझर नसेल तर तिथे ते यंत्र काय वितळवणार? वितळलेला प्लाझ्मा २ ते ६ अंशांना २४ तासांपर्यंत ठेवता येतो. बारामतीत वितळवा, शीतपेटीतून ५० किलोमीटर पाठवा. गाडी इंदापूरहून निघतानाच फोन झाला, तर ती पोचेपर्यंत पिशव्या तयार! हे कुठल्याही यंत्राशिवाय जमतं.

तेव्हा टेंडरमध्ये "सर्वात कमी दर" लिहिण्याआधी एवढं लिहा: चार पिशव्या एकदम, तापमानाची नोंद आपोआप, ३७ च्या वर गेलं की भोंगा, वीज गेली तर बॅकअप, आणि बिघडलं तर दुसऱ्या दिवशी येणारा माणूस.

नाहीतर फीत कापली जाईल, फोटो निघेल, आणि वॉर्डात नातेवाईक घड्याळाकडे बघत बसतील. पटतंय का?