मुदत संपलेली योजना आवाज करीत नाही

मार्च महिना आला की आपल्या वस्त्यांतून मुलांच्या परीक्षेखेरीज दुसरे बोलणे नसते. दहावीचा पेपर कसा गेला, बारावीला किती टक्के पडतील, पुढे कुठल्या कॉलेजात नाव घालायचे. याच महिन्यात दिल्लीला आणि मुंबईला आणखी एक काम चाललेले असते, आणि आपल्या मुलाचे कॉलेज पुरे होईल की अर्ध्यावर सुटेल, हे बरेचसे त्या कामावर अवलंबून असते. ते काम म्हणजे सरकारी खर्चाला कायद्याने मंजुरी देणे. त्या कायद्याच्या मसुद्याला विनियोजन विधेयक म्हणतात. नाव अवघड आहे, म्हणून आपण वर्तमानपत्राचे ते पान उलटून टाकतो. आज आमची विनंती आहे की ते पान उलटू नका.

आपल्या वस्तीतल्या बचत गटाचे उदाहरण घ्या. दर महिन्याला सगळ्याजणी पैसे भरतात. पैसे बँकेत जमा होतात. पण अध्यक्षाबाईंच्या मनात आले म्हणून ते काढता येत नाहीत. बैठक घ्यावी लागते, कोणत्या कामासाठी किती रक्कम हे ठरावात लिहावे लागते, खाली सह्या व्हाव्या लागतात. सरकारचेही तसेच आहे. कराचा पैसा ज्या तिजोरीत जमा होतो तिला एकत्रित निधी म्हणतात. कायदा केल्याखेरीज त्यातून पैसा काढता येणार नाही, असे संविधानाचे कलम २६६ सांगते. हा कायदा केंद्रासाठी कलम ११४ प्रमाणे आणि राज्यासाठी कलम २०४ प्रमाणे होतो. प्रत्येक खाते आपली मागणी मांडते, सभागृह ती मंजूर करते आणि सगळ्या मागण्या मिळून विनियोजन कायदा होतो. हा ठराव एका वर्षापुरता असतो. १ एप्रिलला सुरू, ३१ मार्चला खलास. निवडणुका तोंडावर असल्या तर काही महिन्यांपुरते लेखानुदान घेतात. २०१९ आणि २०२४ साली केंद्राने तसेच केले होते. वर्षाच्या मध्ये पैसा कमी पडला तर पुरवणी मागण्या येतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या, अशी बातमी आपण वाचतो, ती हीच.

हा कायदा वेळेवर झालाच नाही तर काय होते? अमेरिकेत ते जगाने पाहिले. तिथे सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. २०२५ साली त्या तारखेपर्यंत खर्चाचा कायदा झाला नाही. आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी तिथले सरकार जी जादा मदत देत होते, तिची मुदत वर्षअखेर संपत होती. ती वाढवायची की नाही, यावर दोन पक्षांचे जमेना. सरकारची कितीतरी कार्यालये ४३ दिवस बंद राहिली. लाखो कर्मचारी पगाराविना घरी बसले, नाहीतर पगाराविना काम करीत राहिले. चार कोटींहून अधिक गोरगरिबांना किराण्यासाठी जी सरकारी मदत मिळते, ती नोव्हेंबरात अडकली. शेवटी १२ नोव्हेंबरला कायदा झाला तेव्हा कुलुपे निघाली.

आपल्याकडे असे कुलूप लागत नाही. खर्चाचा कायदा लोकसभेत पडला तर सरकारलाच जावे लागते, म्हणून तो कसाही करून मंजूर होतोच. कधी कधी फारच लवकर होतो. २३ मार्च २०२३ रोजी सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाला लोकसभेने गोंधळात, चर्चेवाचून, काही मिनिटांत मंजुरी दिली. २०१८ सालीही असेच झाले होते. चर्चेची वेळ संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकायच्या, अशी पद्धत आहे. तिला गिलोटिन म्हणतात. पगार होतात, कार्यालये चालू राहतात, आणि सगळे ठीक आहे असे आपल्याला वाटते. पण बंधू-भगिनींनो, कार्यालय उघडे असते आणि आपली योजना मात्र आतल्या आत आटलेली असते. अमेरिकेत बंद पडले ते सगळ्यांना दिसले. आपले बंद पडते ते दिसत नाही. गरिबाला जास्त धोका याचाच आहे.

योजना आटण्याची पहिली वाट म्हणजे मुदत. जी गोष्ट मुदतीची असते ती बंद करायला कोणाला काही करावे लागत नाही. फक्त मुदत वाढवायची नाही, एवढेच पुरते. संविधानाचे कलम ३३४ पाहा. लोकसभा-विधानसभेतील आपल्या राखीव जागांची मुदत दर दहा वर्षांनी वाढवली जाते. अँग्लो-इंडियन समाजाच्या नियुक्त सदस्यांची मुदतही आधी त्यांच्याबरोबरच वाढत असे. २०२० साली १०४ व्या घटनादुरुस्तीने आपली मुदत २०३० पर्यंत वाढली, त्यांची वाढवली नाही. लोकसभेतील त्या दोन जागा संपल्या. किती लोकांच्या हे लक्षात आले?

आता आपल्या घरातली गोष्ट. आपण जिला भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतो, ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि दलित विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, अशी लेखी मागणी त्यांनी १९४२ सालीच केली होती. सफाई कामगाराचा मुलगा इंजिनिअर झाला, धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी नर्स झाली, यात या शिष्यवृत्तीचा वाटा केवढा आहे, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

पण तिचा पैसा कोणी द्यायचा, याचा एक नियम होता. पंचवार्षिक योजना संपली की शेवटच्या वर्षी जेवढा खर्च झाला तेवढा बोजा राज्याच्या गळ्यात पडायचा. त्याच्यावर जो वाढीव खर्च होईल तेवढाच केंद्र द्यायचे. मुदत संपली की राज्याचा बोजा वाढणार आणि केंद्राचा हात आखडणार, असे हे गणित. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांत साऱ्या देशासाठी केंद्राची मदत वर्षाला सुमारे ११०० कोटी रुपयांवर आली. शिष्यवृत्ती कोणी रद्द केली नव्हती, खर्चाचा कायदाही दरवर्षी वेळेवर होत होता. तरीही पैसा आटला. ज्या राज्यांच्या तिजोरीत खडखडाट होता तिथे शिष्यवृत्ती रखडली, आणि कॉलेजच्या खिडकीवर आपली मुले हात हलवीत परत फिरू लागली.

देशभरातून ओरड झाली, राज्यांनी तक्रारी केल्या. अखेर २३ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तो नियम बदलला. केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के, असे प्रमाण ठरले. एकूण ५९,०४८ कोटी रुपये, त्यात केंद्राचे ३५,५३४ कोटी. वर्षाला सुमारे ११०० कोटींच्या जागी सुमारे ६००० कोटी, म्हणजे पाचपटीहून जास्त. दहावीनंतर ज्यांचे शिक्षण सुटते अशा १ कोटी ३६ लाख अतिगरीब मुलांना पुन्हा शिक्षणात आणू, असेही सांगितले गेले. विचारल्यामुळे काय होते, ते यावरून दिसते. मात्र त्या मंजुरीच्या कागदावर एक तारीख होती. ही मंजुरी २०२०-२१ ते २०२५-२६ एवढ्याच काळासाठी होती. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ. केंद्राच्या बहुतेक योजनांचा हिशेब अशाच वळणावर नव्याने मांडला जातो. अशा वळणावर प्रत्येक योजनेबद्दल आपण विचारायला हवे : मुदत वाढली का, किती वर्षांसाठी, आणि कोणाचा वाटा किती?

दुसरी वाट म्हणजे ३१ मार्च. मंजूर झालेला पैसा खर्च झाला नाही तर त्या रात्री तो व्यपगत होतो, म्हणजे आपल्या नावावरून उतरून तिजोरीत परत जातो. तिसरी वाट म्हणजे पैसा दुसरीकडे वळवणे. लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जातींसाठी वेगळी तरतूद ठेवण्याची विशेष घटक योजना १९७९ पासून आहे. पण ती सूचनांवर चालत आली, आणि सूचना न पाळणाऱ्याला शिक्षा नसते. म्हणून आंध्र प्रदेशने २०१३ साली तिचा कायदा केला. त्या कायद्यालाही दहा वर्षांची मुदत होती! जानेवारी २०२३ मध्ये ती संपत आली तेव्हा तिथल्या दलित-आदिवासी संघटना जाग्या होत्या. अध्यादेश निघाला आणि मुदत आणखी दहा वर्षे वाढली. तेलंगणाने २०१७ साली जो कायदा केला, त्यात न खर्चलेला पैसा पुढच्या वर्षी भरून देण्याची सोय केली. कर्नाटकच्या २०१३ च्या कायद्यात ७(ड) नावाची एक पळवाट होती. सर्वांसाठीच्या कामाचा खर्चही आपल्या नावावर दाखवता येत असे. ती २०२३ साली काढून टाकली. तरी त्याच वर्षी तेथील सरकारने आपल्या हमी योजनांसाठी या निधीतून ११ हजार कोटींहून अधिक रक्कम घेतली. कायदा असूनही पहारा लागतो, तो यासाठी.

महाराष्ट्रात २०२५ साली लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी रुपये वळवले, तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी दाखवली. अनुसूचित जातींच्या बहिणींनाही त्या योजनेचा लाभ होतो, असा एक युक्तिवाद आहे. बहिणीला पंधराशे मिळावेत, आमची ना नाही. पण बहिणीचा हप्ता तिच्याच भावाच्या वसतिगृहाच्या पैशातून का द्यायचा? तिचा हक्क सर्वांच्या तिजोरीवर आहे. महाराष्ट्रातही घटक योजनेचा कडक कायदा हवा, ही आपल्या चळवळीची मागणी म्हणूनच जुनी आहे आणि रास्त आहे.

पैशाचा हा विषय आपला नव्हे, असे समजणाऱ्यांना आम्ही एक आठवण देतो. ब्रिटिश सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी १८३३ पासून कशी बदलत गेली, यावर बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला आणि तो १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला. दिल्लीने किती द्यायचे आणि मुंबईने किती, हा आपल्या शिष्यवृत्तीचा प्रश्न त्याच जातीचा आहे. सरकारी हिशेब तपासणारा महालेखापरीक्षक हा संविधानातील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असावा, असे मत त्यांनी संविधान सभेत मांडले होते. हिशेब विचारणे हा बाबासाहेबांनी घालून दिलेला धडा आहे.

मग आपण काय करावे? प्रत्येक विहारात, रविवारच्या वंदनेनंतर, शिकलेल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने सामाजिक न्याय खात्याच्या अर्थसंकल्पाचे आकडे वाचून दाखवावेत. त्यात तरतूद, वितरण आणि खर्च हे तीन आकडे वेगळे असतात. तरतूद म्हणजे कागदावर ठेवलेली रक्कम, वितरण म्हणजे प्रत्यक्ष सोडलेली, खर्च म्हणजे लोकांपर्यंत गेलेली. पुढाऱ्याच्या भाषणात बहुधा पहिलाच आकडा असतो. आपण तिसरा विचारावा. तो मिळत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाहीत, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. हा अर्ज एप्रिलमध्ये करून उपयोग नाही. तो नोव्हेंबरात करावा, म्हणजे हिवाळी अधिवेशनात आपल्या आमदाराला प्रश्न विचारायला भाग पाडता येईल आणि ३१ मार्चच्या आत पैसा सुटेल. राखीव जागेवरून निवडून गेलेल्या खासदाराला तर हक्काने विचारावे : साहेब, आमच्या मागण्या गिलोटिनखाली गेल्या तेव्हा आपण कुठे होता?

आपल्या मुलांनीही अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी वेळेवर करावे, बँकेचे खाते आधारशी जोडलेले ठेवावे. आपल्या हातून तारीख चुकली तर सरकारला आयते कारण मिळते.

घरातल्या भिंतीवरच्या कालदर्शिकेत आपण जयंती, पौर्णिमा, शाळेची फी यांच्या तारखा खुणावून ठेवतो. त्यात आणखी दोन खुणा कराव्यात. एक हिवाळी अधिवेशनाची आणि दुसरी ३१ मार्चची. आणि त्या तारखांच्या आधी आपल्या मंडळाचे एक पत्र तरी सरकारच्या टेबलावर पडलेले असावे.