दोष केळ्यांचाच का?



टांझानियातील गोंबे येथे १९७४ ते १९७८ या काळात कासाकेला गटाच्या चिंपांझी नरांनी शेजारच्या काहामा गटाचा जो नायनाट केला, त्याचे सारे खापर संशोधकांनी खाऊ घातलेल्या केळ्यांवर फोडणारे गेल्या अंकातील पत्र एकच बाजू मांडते. केळ्यांमुळे तेथील भांडणे चिघळली असावीत, ही शंका रास्तच आहे. परंतु युगांडातील किबाले अरण्यात न्गोगो येथे चिंपांझींना कोणीही खाऊ घातलेले नसताना तेथील नर हद्दगस्त घालतात, म्हणजे एरवीचा गलका टाकून, एकामागोमाग एक, जमीन हुंगत सीमेपलीकडे शिरतात आणि एकटादुकटा शेजारी सापडल्यास संख्याबळावर त्याचा जीवही घेतात. जॉन मितानी व सहकाऱ्यांच्या २०१० मधील लेखानुसार तेथे दहा वर्षांत अशा २१ हत्या झाल्या, त्यांपैकी १८ प्रत्यक्ष पाहिल्या गेल्या, आणि जिथे अनेक बळी पडले त्याच ईशान्य भागात २००९ मध्ये गटाची हद्द, पर्यायाने फळझाडांवरचा ताबा, सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. पुढे २०१४ मध्ये १८ चिंपांझी समूहांच्या तुलनेतही हत्यांचे प्रमाण मानवी हस्तक्षेपाशी नव्हे, तर नरांची संख्या आणि वस्तीची दाटी यांच्याशी जुळले; त्याच अभ्यासातील बोनोबो या चिंपांझींच्या जवळच्या नातलग वानरांच्या चार समूहांत मात्र एकच संशयित हत्या आढळली, याचा उलगडा केळ्यांनी होत नाही.